तिसरा आग्रह

आमच्या गावात पहिल्यांदा विचारल्यावर कोणी "हो" म्हणत नाही. कॉफी घेणार का म्हणून विचारलं की म्हणायचं, "नको, राहू दे." पुन्हा विचारलं की म्हणायचं, "कशाला उगाच त्रास." तिसऱ्यांदा विचारलं की मग जरा अवघडून म्हणायचं, "बरं, अगदी अर्धा कप." आणि मग निवांत दोन कप प्यायचे. हे सगळं इतक्या गंभीरपणे चालतं की नवख्या माणसाला वाटावं, या लोकांना कॉफी आवडतच नाही.

मी मूळची इथली नव्हे. मी मिनेसोटातल्या खाणींच्या मुलखातली, स्लोव्हेनियन बापाची लेक. आमच्याकडे वाढलेल्याला नाही म्हटलं तर आई डाव घेऊन मागे लागायची. लग्न होऊन अमेरिकेतल्याच या नॉर्वेजियन वंशाच्या लोकांत, हाउगेनांच्या घरी आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "केक घेणार का गं?" मी म्हटलं, "हो, मोठा तुकडा द्या." टेबलावरचे सगळे चमचे थांबले. नंतर माझ्या नणंदेने, आर्डिसने, मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "अगं मिल्का, आधी दोनदा नको म्हणायचं असतं." मी म्हटलं, "आणि तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही तर?" ती म्हणाली, "असं होत नाही."

या आर्डिसचीच ही गोष्ट आहे.

आर्डिस माझ्या नवऱ्याची, हार्लनची, थोरली बहीण. उंच, चांगली ऐसपैस बाई. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात तिचा शब्द चालायचा. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी चर्चचं मोठं माशांचं जेवण असतं, आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. त्या जेवणाला लागणारी लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, लाटायची ती आर्डिसनेच. तिच्या पोळीतून पलीकडचा माणूस दिसतो असं लोक म्हणायचे. पण गुडघे बोलायला लागले, रक्तातली साखर हाताबाहेर गेली, आणि दोन वर्षांपूर्वी तिने वजन उतरवायची शस्त्रक्रिया करून घेतली. जठर मुठीएवढं केलं आणि आतड्याला वळसा घातला.

पहिलं वर्ष छान गेलं. साखर खाली आली, गुडघे वाकायला लागले. नवऱ्याबरोबर, ऑरिनबरोबर, ती गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाऊन बसायला लागली. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वजनावर ती वेळेआधीच पोचली. आणि तिथे न थांबता आणखी खाली निघाली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आलं तरी आमच्याकडे बोलतात कुठे. गालफडं बसली. चर्चच्या बाकावर बसायला तिला उशी लागायला लागली, हाडं टोचतात म्हणून. लग्नाची अंगठी बोटातून गळून पडायची, ती साखळीत ओवून गळ्यात घातली. विंचरताना केसांचे पुंजके हातात यायचे. आणि चर्चमधल्या बायका अजूनही तिला म्हणायच्या, "छान दिसतेस हं आर्डिस." आमच्या गावात यापेक्षा मोठं कौतुक नाही. मला त्या प्रत्येकीला धरून आरशासमोर नाही, चष्म्याच्या दुकानात न्यावंसं वाटायचं.

ऑक्टोबरात बीटाची काढणी सुरू होती. ऑरिन दिवसरात्र ट्रकवर, म्हणून शहरातल्या डॉक्टरांकडे तिला मी घेऊन गेले. डॉक्टर रुइझ म्हणजे कामाची बाई. सगळ्या तपासण्या तिने करून घेतल्या होत्या. घशातून नळीचा कॅमेरा घालून बघितलं होतं, रक्त तपासून झालं होतं, बाकी जे जे तपासतात ते सगळं झालं होतं. कुठे आवळलेलं नाही, व्रण नाही, जंतू नाहीत, खाल्लेलं अंगी लागतंय.

"म्हणजे मुळात पोटात कमी जातंय," डॉक्टर म्हणाल्या. "आर्डिस, तुम्ही खाता किती?"

"पुरेसं," आर्डिस म्हणाली.

"भूक लागते?"

"तशी काही तक्रार नाही."

"अशक्तपणा?"

"वाईट नाही."

आता हे "वाईट नाही" म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे दाढ दुखत असली तरी वाईट नाही, आणि गोठा जळून गेला तरी वाईट नाही. माझा राग तिथेच उफाळला.

"डॉक्टर, ही धादांत खोटं बोलतेय," मी म्हटलं. "परवा चर्चच्या पायऱ्यांवर मटकन खाली बसली. दोन पोळ्या लाटल्या की हिला खुर्ची लागते. रात्री तीन गोधड्या घेऊन कुडकुडते, ऑरिनने सांगितलं मला."

"मिल्का," आर्डिस हळूच म्हणाली.

"काय मिल्का? मेल्यावर सांगू का?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "नीट ऐका. चार आठवडे देते. तेव्हा आजच्या वजनाच्या खाली तुम्ही असलात तर पोटातून नळी बसवायची आणि रात्रभर यंत्राने अन्न द्यायचं. त्यानेही भागलं नाही तर शस्त्रक्रिया उलटवावी लागेल. आणि आजच्या तुमच्या ताकदीत ते ऑपरेशन तुम्ही सोसाल असं मी सांगू शकत नाही."

आर्डिसने पर्स मांडीवर सरळ केली. "बरं," ती म्हणाली. "तुम्हाला आमचा उगाच त्रास."

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूला काढलेल्या बीटाचे ढीग होते. मध्येच ती खिडकीकडे बघत म्हणाली, "मला नळी नकोय, मिल्का. आईला होती शेवटी. त्या यंत्राचा आवाज मला अजून येतो." तीस वर्षांत आर्डिसच्या तोंडून मी "मला नकोय" असं सरळ वाक्य पहिल्यांदा ऐकलं. गाडी चालवताना डोळे पुसायची पंचाईत होते.

त्याच आठवड्यात गावात एक म्हातारा शेतकरी गेला. दफन झालं, मग रिवाजाप्रमाणे सगळे तळघरात कॉफीला जमलो. सिग्नेबाई हातात मोठं ताट घेऊन फिरत होत्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत जुन्या. ताटात लोणी लावलेले हॅमचे छोटे पाव होते. मी आर्डिसच्या समोरच बसले होते. सिग्नेबाईंनी माझ्या शेजारच्या बाईला विचारलं. नको. पुन्हा विचारलं. कशाला. तिसऱ्यांदा विचारलं, तिने दोन घेतले. मग पास्टरांना विचारलं, तीच पूजा. मग आर्डिसला विचारलं.

"नको, राहू दे," आर्डिस म्हणाली.

"बरं बरं," म्हणून सिग्नेबाई पुढे गेल्या.

माझा कप हातात तसाच राहिला. मी पुढचा सगळा वेळ ते ताट आणि आर्डिस यांच्याकडेच बघत बसले. चीज आलं, एकदा विचारलं, गेलं. अंड्याची कोशिंबीर आली, एकदा विचारलं, गेली. सगळ्यांना तीन वेळा आणि आर्डिसला एकदा. कोणी दुष्टपणा करत नव्हतं, उलट फार विचार करून वागत होते. बिचारीने एवढी शस्त्रक्रिया करून घेतली, तिला आग्रह करून मोहात पाडायचं नाही, असं सगळ्या गावाने मनोमन ठरवून टाकलं होतं.

बाहेर गाडीपाशी मी तिला गाठलं. "तुला तो पाव हवा होता का?"

"हवा होता असं नाही."

"आर्डिस, माझ्याकडे बघ."

ती हातमोजे घालत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्यांदा विचारलं असतं, तिसऱ्यांदा विचारलं असतं, तर घेतला असता."

"आणि घरी?"

"घरी ऑरिन विचारतो की. रोज विचारतो, आणखी वाढू का म्हणून."

"किती वेळा?"

"एकदा. आता एकदाच विचारतो."

मी कपाळाला हात लावला. "अगं मग स्वतः घ्यायचं ना उठून. घर तुझं, फ्रिज तुझा."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला भर रस्त्यात कपडे काढायला सांगितले. "भूक तर मला लागतच नाही," ती म्हणाली. "ती त्या ऑपरेशनात गेली. पोट काही सांगत नाही. मग कोणी वाढलं तरच खायचं कळतं. आणि हात पुढे करून घ्यायचं म्हणशील, तर तू बारीक आहेस, मिल्का. तुला नाही समजायचं. मी आयुष्यभर ताटाकडे हात नेला की लोक माझ्या हाताकडे बघायचे."

मी नुसतं गाडीचं दार उघडून दिलं.

पण गप्प बसेन तर मी कसली. घरी येऊन फोन हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या एकूण एक बाईला सांगून टाकलं. आर्डिसला तीन वेळा विचारायचं. काहीही असो, तीन वेळा. ऑरिनला तर मी दमच भरला. तो बिचारा म्हणाला, "अगं, मला वाटलं मी तिला मदत करतोय."

रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात जे झालं ते सांगायची मला लाज वाटते आणि हसूही येतं. माणसं रांग लावून आर्डिसपाशी आली. लिंबाच्या वड्या, चॉकलेटच्या वड्या, खारकांच्या वड्या. प्रत्येकाने तीनदा विचारलं. आर्डिस पडली रीतीची बाई, तिसऱ्यांदा नाही म्हणणं तिच्या रक्तात नाही. प्रत्येकाची वडी तिने घेतली आणि खाल्ली. मी कोपऱ्यातून बघत मनातल्या मनात फुगत होते. अर्ध्या तासात ती पांढरीफटक पडली. घामाने निथळली, छाती धडधडायला लागली, आणि तिथल्याच मुलांच्या वर्गातल्या गालिच्यावर तिला आडवं करावं लागलं. सगळी बायकामंडळी दारात उभी. मला वाटलं, नळीपासून वाचवायला निघाले आणि मीच हिला संपवलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्यांनी माझी जी खरडपट्टी काढली तशी आईनंतर कोणी काढली नव्हती. "त्या पोटात एकदम गोड? अहो, असं गोड गेलं की पुढे गडगडत जातं आणि माणूस कोसळतो. थोडं थोडं खायचं, पण दर दोन-अडीच तासांनी. अंडी, चीज, शेंगदाण्याचं लोणी, मासा, साधं लोणी. दूध साईचं, ते बिनसाईचं पाणी पुरे झालं आता. ते सुरुवातीच्या महिन्यांसाठी होतं. आणि प्यायचं ते जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळेत. भुकेची वाट बघायची नाही. घड्याळ बघायचं."

मी हे सगळं आर्डिसला सांगायला निघणार, तोच ती स्वतः माझ्या दारात उभी राहिली. कोट न काढता आत आली. तिचे ओठ थरथरत होते. मला वाटलं रडणार. पण ती चिडली होती. आर्डिस चिडलेली मी कधी बघितलीच नव्हती, त्यामुळे ओळखायला वेळ लागला.

"मी जत्रेत वजनाला न्यायचं वासरू नाही," ती म्हणाली. "सगळ्या गावाने मिळून मला भरवायचं म्हणजे काय?"

"चुकलं माझं."

"चुकलंच. यापुढे मला विचारायचं नाही. तू नाही, ऑरिनने नाही, कोणीच नाही. तीनदा नाही आणि एकदाही नाही. वाढायचंही नाही."

"अगं, मग तू खाणार कशी?"

"मी घेईन."

हे म्हणून ती तशीच उभी राहिली. मी आहारतज्ज्ञ बाईंचं सगळं बोलणं तिला सांगितलं, शब्दही न गाळता. ती ऐकत होती आणि तिची नजर माझ्या फ्रिजवर होती. आता, आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात फ्रिज उघडणं म्हणजे दुसऱ्याचं कपाट उघडण्यासारखं. माझ्या सासूबाई मरेपर्यंत माझ्या घरी पाहुण्यासारख्या बसायच्या, फ्रिजला त्यांनी बोट लावलं नाही. आर्डिस चार पावलं चालली. हँडलवर हात ठेवला. तिचे कान लालबुंद झाले. मी पटकन तिच्याकडे पाठ केली आणि सिंकमध्ये एक घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं. मागे दार उघडल्याचा आवाज आला, मग कागद उलगडल्याचा. मग चावल्याचा आवाज.

"हे चीज खारट आहे," ती मागून म्हणाली.

"दुसरं आहे खालच्या कप्प्यात."

"बघते," ती म्हणाली. आणि बघितलंही.

त्यानंतरचे आठवडे मी नखं खात काढले. आर्डिसने घड्याळात गजर लावला आणि तो वाजला की जिथे असेल तिथे खायचं, असा नेम धरला. किराणा दुकानात रांगेत उभी राहून उकडलेलं अंडं खाल्लं. एकदा पास्टर प्रवचनात रंगात आले असताना गजर झाला. अख्खं चर्च मागे वळलं. आर्डिसचा चेहरा बीटासारखा झाला, पण तिने पिशवीतून बदाम काढले आणि खायला सुरुवात केली. पास्टर थांबलेच होते. ती म्हणाली, "चालू द्या तुमचं." ऑरिन मला नंतर म्हणाला, लग्नाच्या दिवशीही मला हिचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

त्या ऑरिनचे मात्र हाल झाले. विचारायचं नाही, वाढायचं नाही. टेबलाशी बसून तो हात मांडीखाली दाबून धरायचा. पण बटाट्यात लोणी घोटायला त्याला कोणी बंदी केली नव्हती, ते काम त्याने मन लावून केलं. संध्याकाळी दोघं धान्याच्या कोठारात जायची आणि आर्डिस हातात बादल्या घेऊन उठबस करायची, अंगावर मांस धरावं म्हणून. आधी रिकाम्या बादल्या, मग बीट घातलेल्या.

पहिल्या आठवड्यात वजन तरीही उतरलं. थोडं, पण उतरलं. मी रात्रभर तळमळले. आर्डिस फक्त म्हणाली, "उद्या दूध वाढवते." पुढच्या वेळी काटा जिथल्या तिथे होता. मग पुन्हा तिथेच. अडकलेलं दार ढकलत राहावं तसं ती ढकलत राहिली. मधून मधून रडायचीही. एकदा तिच्या स्वयंपाकघरात मी गेले तर समोर अर्धं आमलेट आणि डोळ्यांत पाणी. "जात नाही गं घशाखाली," म्हणाली. आग्रहाचे सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले. ते मी कसे गिळले ते मलाच माहीत. मी नुसती बसून राहिले. तिने डोळे पुसले, काटा उचलला आणि उरलेलं खाल्लं.

चर्चच्या जेवणाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. काढणी संपली होती, त्यामुळे ऑरिनही आला. डॉक्टर रुइझनी आत येताच विचारलं, "कशा आहात, आर्डिस?"

मी "वाईट नाही"ची वाट बघत होते.

"दमते मी," आर्डिस म्हणाली. "थंडी वाजते. केस अजून गळतात. खाण्याचा कंटाळा येतो, पण खाते. आणि मला नळी नकोय, डॉक्टर. हे मी गेल्या वेळीच सांगायला हवं होतं."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "चला, बघू," म्हणाल्या.

आर्डिसने कोट काढला, बूट काढले, स्वेटर काढला. गळ्यातली साखळीही काढून ऑरिनच्या हातात दिली. उसनं वजन तिला नको होतं. ती काट्यावर चढली. नर्सने आकडा बघितला आणि तिला खाली उतरून पुन्हा चढायला सांगितलं. माझा जीव टांगणीला. दुसऱ्यांदाही तोच आकडा.

"अडीच पौंड," नर्स म्हणाली. "वर."

डॉक्टर रुइझ हसल्या. "नळी रद्द. हेच चालू ठेवायचं, दर महिन्याला मला भेटायचं. अजून पुष्कळ चढायचंय, पण घसरण थांबलीय. तुम्ही थांबवलीत." ऑरिन उठून बाहेर गेला, आणि कॉरिडॉरमध्ये त्याने नाक शिंकरलं ते आम्हाला आतपर्यंत ऐकू आलं. माझा जीव भांड्यात पडला. आर्डिस शांतपणे बुटांच्या नाड्या बांधत होती. बांधून झाल्यावर म्हणाली, "माझी खायची वेळ झालीय." आणि तिथेच डॉक्टरांसमोर पिशवी उघडली.

दुसऱ्या दिवशी तळघर माणसांनी भरून गेलं. वर जिन्यापर्यंत रांग. स्वयंपाकघरात वाफ, माशाचा वास आणि आम्ही डझनभर बायका. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या बायका शेवटी जेवतात, सगळी पंगत उठल्यावर, उरलंसुरलं. हे कोणी ठरवलेलं नाही आणि कोणी मोडलेलंही नाही. आर्डिस सकाळपासून उभ्याने लाटत होती. मी खुर्ची जवळ ठेवली होती, तिने ती पायाने दूर सारली.

ऐन गर्दीत तिने लाटणं खाली ठेवलं. हात पुसले. ताटलीत मासा घेतला, तव्यावरची गरम पोळी उचलली, तिला लोणी फासलं, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध स्टूल ओढून, सगळ्यांसमोर जेवायला बसली. बाहेर माणसं पोळीसाठी खोळंबलेली. बायकांचे हात थांबले.

सिग्नेबाई ताट घेऊन बाहेर निघाल्या होत्या. त्या थांबल्या. आर्डिसकडे बघितलं, तिच्या रिकाम्या होत आलेल्या ताटलीकडे बघितलं. न विचारायचा हुकूम त्यांनाही माहीत होता. पण ऐंशी वर्षांची जीभ, ती थोडीच ऐकणार.

"आणखी एक पोळी देऊ का गं?" त्या म्हणाल्या.

"हो," आर्डिस म्हणाली.

सिग्नेबाईंनी दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा आर्डिसकडे बघितलं.

"लोणी लावून?"

"हो. भरपूर."

मी टाळ्या वाजवल्या. आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, तळघरात तर नाहीच, पण मी वाजवल्या, पिठाने माखलेल्या हातांनी. आर्डिस तोंड भरलेलं असतानाच हसली. जिन्यावरून कोणीतरी ओरडून विचारलं, पोळ्यांचं काय झालं म्हणून.

"थांबा," मी ओरडून सांगितलं. "आर्डिस जेवतेय."